तिहेरी गाठ

रोहणा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नत्थूस,
सप्रेम जयभीम.

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे निम्मं गाव गोळा होतं. परवा मी ओरडून म्हटलं, "दारावर छपरी पाह्यजे," तर तू म्हणालास, "खिचडी काऊन? पोट बिघडलं काय?" वर्षाली हसून हसून खाली बसली. टीन कापून कापून कान घालवलेस. आता डोळे तरी शाबूत असतील तर हे पत्र वाच.

वर्षालीनं घरीच पिको-फॉलचं काम सुरू केलं आहे. समोरच्या खोलीत अंधार, म्हणून मशीन ओट्यावर आणलं. ओटा पश्चिमेचा, तुला माहीत आहे. दुपारी तीन वाजल्यापासून उन्ह जे अंगावर येतं ते दिवेलागणीपर्यंत हटत नाही. आत्ता फेब्रुवारीत ही गत, एप्रिल-मेमध्ये ती पोरगी भाजून निघेल. दारावर पूर्वी टीन होतं, ते मी काढून टाकलं. का काढलं ते विचारू नकोस.

छत का हवं, त्याचं खरं कारण सांगते. तिचा भाऊ पियुष जानेवारीत येऊन गेला. "पुलगावले चाल, बजारात गाळा पाहून देतो," म्हणाला. ती म्हणाली, उन्हाळाभर पाहते, इथं काम चाललं तर इथंच राहते. माझ्या पोराला, विवेकला, जाऊन दीड वर्ष झालं. तरणी आहे, तिला मी कोणत्या तोंडाने अडवू? पण ती गेली की नात रोशनीही जाईल, आणि मग घरात मी एकटी. मला त्याची भीती वाटते नत्थू. तू माझा भाऊ आहेस म्हणून लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही.

तर चांगलं छत कोणतं, ते सांग. आणि स्वतः येऊन बघ. दीड वर्षात फिरकला नाहीस.

तुझी ताई,
अन्नपूर्णा


सेलू,
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम.

खिचडीचं पत्र मिळालं. माझ्या हाताखालच्या सचिननं दुकानात मोठ्यानं वाचून दाखवायचा प्रयत्न केला, मी हिसकावून घेतलं. डोळे शाबूत आहेत.

यायला जमत नाही, कामं फार आहेत. पण छताचं मी बघतो. आधी एक सांग, छत घराचं हवं की दुकानाचं? दोन्हीत फरक आहे. घराच्या छताचं काम उन्ह-पाणी अडवणं. दुकानाच्या छताला रस्त्यानं जाणारा माणूस थांबवावाही लागतो. तुझ्या दारात दोन्ही हवं, म्हणून नीट निवडावं लागेल.

टीन मी आता सुचवत नाही. तापतं, आणि पावसात खाली बोललेलं ऐकू येत नाही (मला तसंही येत नाही). फायबर दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं आणि खाली बसलेला माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. हिरवी नेट रोपांना ठीक, गिऱ्हाइकाला नाही. गोल छत सेवाग्राम रोडवरच्या औषधांच्या दुकानांना शोभतं, तुझ्या ओट्यावर ते म्हणजे लुगड्यावर टाय. हँडल फिरवून गुंडाळायचं छत लोक हौसेनं मागतात, पण रोहण्याची वानरं त्याला आठवडाभर टिकू देणार नाहीत.

माझं ऐक. पाईपची चौकट, त्यावर जाड कोटिंगचं कापड, सरळ उतार, पुढं वीतभर झालर. मागची बाजू भिंतीला, पुढची दोन पाईपच्या खांबांवर. रंग मात्र साईसारखा पांढरट घ्या. निळ्या किंवा लाल कापडाखाली साडीचा रंग बदलून दिसतो. फॉलचा दोरा जुळवताना ती फसेल आणि गिऱ्हाईक घरी जाऊन शिव्या देईल.

माप फूट-इंचांत कळवू नकोस. लोक टेपचं तुटकं टोक धरून मोजतात आणि दोष मला देतात. मी सगळ्यांकडून सुतळी मागवतो. एकाच टोकापासून मोजायचं. रुंदी संपते तिथं एक गाठ. छत किती पुढं आणायचं तिथं जोडगाठ. आणि ओट्यापासून पुढची कड किती उंच ठेवायची, तिथं एकावर एक तीन गाठी. ही तिहेरी गाठ सगळ्यात महत्त्वाची. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यावर एक वीत, हा आमचा हिशेब. सुतळी ओली करू नकोस, आखडते. पाकिटात घालून पाठव. सुतळी फोनमधून येत नाही, हे एक बरं आहे.

तुझा,
नत्थू


रोहणा,
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय नत्थूस,
सप्रेम जयभीम.

सोबत सुतळी आहे. तिन्ही गाठी मीच मारल्या, कोणाला हात लावू दिला नाही. रुंदीसाठी रोशनीनं दुसरं टोक धरलं तेवढंच. तिला छपरी म्हटलं की हसू येतं. त्यांच्या शाळेत छपरी म्हणजे शिवी आहे म्हणे. "आजी, मामाआजोबाले चांगला शब्द लिहिजो," म्हणाली.

पांढरट रंग वर्षालीला पटला. तिला आधी मरून हवा होता. दोऱ्याचं तुझं म्हणणं वाचून म्हणाली, "हे माह्या ध्यानातच नाई आलं." झालर मात्र हवीच म्हणते, निळ्या काठाची. तेवढं कर.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे सहा साड्या आल्या. त्यातली एक उन्हात राहून घडीवर फिकी पडली. न्यायला आलेल्या बाईचं तोंड मी पाहिलं. वर्षाली त्या संध्याकाळी जेवली नाही. तेव्हा उशीर करू नकोस. पियुष एप्रिलच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

तुझी ताई,
अन्नपूर्णा


सेलू,
६ मार्च २०२५

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम.

सुतळी मिळाली. रुंदी अकरा फूट, बरोबर. पुढं साडेचार, तेही ठीक. पण तिहेरी गाठ चुकली. ती सहा फूट दहा इंचांवर आली आहे. ओट्यापासून मोजायचं होतं, तू खालच्या अंगणातून मोजलंस का? की स्टुलावर चढली होतीस? या वयात स्टुलावर चढू नये.

तुमच्या घरात सगळ्यात उंच वर्षाली, ती पाच फुटांची. वीत धरून पावणेसहा फूट पुष्कळ झालं. पश्चिमेच्या दाराला पुढची कड जितकी खाली तितकी सावली लांब. सहा-दहाला ठेवली तर चार वाजता उन्ह छताखालून सरळ आत येईल आणि मशीनवर बसेल. मग छत लावून काय उपयोग? बाहेरून शोभा आणि आत तीच होळी.

मी पावणेसहा धरून पाईप कापायला घेतो. एक ओळ लिहून होय म्हण, म्हणजे आठवड्यात पाठवतो.

तुझा,
नत्थू


रोहणा,
१४ मार्च २०२५

नत्थू,

गाठ चुकलेली नाही. पाईप कापू नकोस.

तू विसरलास की विसरल्याचं सोंग करतोस, ते मला माहीत नाही. म्हणून लिहून ठेवते. हे गेले तेव्हा विवेक सातवीत होता. पंधरा दिवसांनी तू आलास आणि कुठल्याशा कामातून उरलेलं टीन दारावर ठोकून गेलास. मला तेव्हा त्याचा मोठा आधार वाटला, ते मी विसरले नाही. पण ते ठेंगणं होतं. पोरगं दोन वर्षांत वाढलं, उंचीत तुझ्यावर गेलं, आणि टीन होतं तिथंच राहिलं. किती वेळा त्याचं कपाळ फुटलं ते मोजलं नाही. हळदीची डबी मी दाराशीच ठेवत होते. कापसाच्या जिनिंगमधून थकून यायचा आणि शेवटच्या पायरीवर मान खाली घालायचा. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढवलेलं माझं लेकरू, कोणापुढे वाकलं नाही, आणि रोज स्वतःच्या दारात वाकून शिरलं. तू दर वर्षी म्हणायचास, "येते वर्षी उंच करून देतो भाच्या."

आणि शेवटच्या दिवशी? तिरडी उचलली तेव्हा चौघांनाही त्या टिनाखाली वाकावं लागलं. पुढच्या उजव्या खांद्याला तूच होतास. तिरडी कलली, त्याचा हात बाहेर आला. तो मी आत घेतला. तिसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन ते टीन उचकटून टाकलं. कोणाला विचारलं नाही.

माप कसं घेतलं ते ऐक. स्टुलावर चढले नाही. त्याच्या कपाळाला हळद लावताना मी ओट्यावर उभी राहून हात जेवढा वर करत होते, तेवढा केला. हाताला आठवत होतं. त्यावर चार बोटं डोकं आणि एक वीत, तुझ्याच हिशेबानं. रोशनीनं सुतळी धरली नाही, मीच दाराच्या चौकटीला खूण करून मोजली.

त्याचं डोकं त्या छताला लागता कामा नये. गाठ हलवू नकोस.

अन्नपूर्णा


रोहणा,
२० मार्च २०२५

आदरणीय मामाजी,
सप्रेम जयभीम.

आईंना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी गादीखाली ठेवलं होतं, चादर बदलताना दिसलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

मामाजी, मला पुलगावला जायचं नाही. भाऊ चांगला आहे, पण तिथं मी त्याची बहीण म्हणून राहीन, इथं मी माझ्या घरात आहे. आईंना वाटतं मी मन मारून राहते. तसं नाही. सकाळी त्या चहा ठेवतात आणि मी वेणी घालत असते, तेव्हा आम्ही दोघी काही न बोलता त्यांचीच आठवण काढत असतो, एवढं मला कळतं. असं माणूस मला दुसरीकडे मिळणार नाही.

पण काम चाललं नाही तर राहू कशी? काल चार वाजता मशीनच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसला. मी स्टूल घेऊन सावलीमागे सरकत असते. शेवटी भिंतीला टेकते, पुढं सावलीच नसते. छत खाली घ्यावं लागेल, तुम्ही लिहिलं ते खरं आहे. मी आईंना हे म्हणू शकत नाही. तिरडी निघाली त्या दिवशी दारात मीही होते. ते वाकून आत येताना रोज म्हणायचे, "तुह्या सासरच्या दाराले नमस्कार केल्याशिवाय घरात घेत नाई." मी हसत होते. आता ते हसू आठवलं की लाज वाटते.

तुम्ही काय ते करा. फक्त माझं नाव घेऊ नका.

आपली सून,
वर्षाली


सेलू,
४ एप्रिल २०२५

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम.

पंधरा-वीस दिवस उत्तर दिलं नाही. कामाचं कारण नव्हतं. दीड वर्ष आलो नाही, त्यालाही कामाचं कारण नव्हतं. आता सांगतो.

दुकानात माझ्या गल्ल्यामागं खिळा आहे, त्याला लोकांच्या सुतळ्या टांगलेल्या असतात. काम झालं की सुतळी फेकतो. एक सुतळी तिथं तीन वर्षं टांगलेली आहे. २०२२ च्या मार्चमध्ये विवेकनं पाठवली होती. तुला त्यानं सांगितलं नसावं. सोबत चिठ्ठी होती, "मामा, आता तरी करा. कपाळावर टाक्यांना जागा उरली नाही." तेव्हा उन्हाळ्याचा सीझन होता, एका मंगल कार्यालयाचं मोठं काम होतं. मी म्हटलं, आपलाच भाचा आहे, थांबेल. मग पावसाळा आला, मग लग्नं आली. मग दुसऱ्या पावसाळ्यात त्याला डेंग्यूचा ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं.

त्या दिवशी बाहेर निघताना टीन माझ्याही कपाळाला लागलं. रक्त आलं, कोणी पाहिलं नाही. मला बरं वाटलं होतं. त्यानंतर तुझ्या दारात उभं राहायची हिंमत झाली नाही. तू मागच्या पत्रात विचारलंस, विसरलास की सोंग करतोस. सोंग करत होतो, ताई. सुतळी हातात घेतली त्याच क्षणी मी ती गाठ ओळखली होती.

तुझं पत्र आल्यावर दोन्ही सुतळ्या फळीवर शेजारी ठेवल्या. त्याची आणि तुझी. तिहेरी गाठ तिहेरी गाठीला लागून होती, बोटभराचाही फरक नव्हता. मग भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि सचिनला म्हटलं, धर. माझ्याही डोक्यावर बरोबर एक वीत आली. सचिन विचारत होता, "काका, कोनाचं काम आहे हे?" मला ऐकू आलं, पण नाही आल्यासारखं केलं. कान गेल्याचा असाही फायदा असतो.

छत तयार आहे. सचिन आणि प्रेमदास येऊन लावून देतील. कापड पांढरट, झालर निळ्या काठाची. गाठ मी हलवलेली नाही. फक्त पुढच्या दोन खांबांत जाड पाईपच्या आत बारीक पाईप घातला आहे, तो वर-खाली होतो. प्रत्येकाला दोन भोकं आहेत आणि एक खिट्टी. वरच्या भोकात खिट्टी घातली की कड सहा फूट दहावर. खालच्या भोकात घातली की पावणेसहावर. कापडाचा ताण दोन्हीकडे बसेल असा उतार काढला आहे. असं काम मी आजवर कोणाला करून दिलं नव्हतं.

खिट्टी कुठं घालायची ते तू ठरव. मी सांगणार नाही. सांगायचा अधिकार माझा राहिला नाही.

विवेकची सुतळी पाकिटात ठेवली आहे.

तुझा,
नत्थू


रोहणा,
२९ एप्रिल २०२५

प्रिय नत्थूस,
सप्रेम जयभीम.

सचिन आणि प्रेमदास आले, लावून गेले. जेवून जा म्हटलं तर फक्त ताक प्यायले. छत देखणं झालं आहे. शेजारचे रूपराव दोनदा येऊन हात लावून गेले. "असं आमच्या किराण्याले बी पाह्यजे," म्हणाले.

तुझ्या पत्राचं आधी लिहिते. ते वाचून मला तुझा राग आला. दोन दिवस होता. त्यानं मला सांगितलं नव्हतं हे खरं. मला वाटत होतं, त्यानं ते टीन मनावर घेतलं नाही, हसण्यावारी नेलं. त्याला इतकं लागत होतं हे मला आता कळलं. त्याची सुतळी मी त्याच्या कपड्यांत ठेवली. तुझी चूक आहे नत्थू, नाही म्हणणार नाही. पण तुला ती सुतळी तीन वर्षं फेकवली नाही, हेही मी वाचलं. त्यानंतर राग गेला, नुसतं रडू राहिलं. तेही बरं, दीड वर्षात नीट रडले नव्हते.

पहिल्या दिवशी खिट्ट्या मी वरच्या भोकात घालायला लावल्या. सकाळी ओट्यावर उभी राहिले. केवढं उंच दार झालं होतं! त्याला कसं दिसलं असतं ते पाहत होते. मान ताठ ठेवून सरळ आत आला असता. रोशनी उड्या मारून झालरीला हात लावायला बघत होती, तिचा पोहोचेना.

दुपारी चार वाजता उन्ह आलं. तू लिहिलं होतंस तसंच, छताखालून सरळ आत. वर्षालीनं मशीन सरकवलं, मग स्टूल, मग भिंतीला टेकली. मांडीवरची साडी पदराखाली झाकली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाच दिवस असंच चाललं. ती काही बोलली असती तर मी भांडले असते. ती बोलली नाही, त्यानं मला हरवलं.

सहाव्या दिवशी ती पाणी आणायला आत गेली. मी उठले, एक खिट्टी काढली. चौकट जड होती, खाली आली ती माझ्या खांद्यावरच. ती धावत बाहेर आली. "आई, राहू द्या, राहू द्या," म्हणत होती, आणि दुसरा पाईप तिनंच धरला. दोघींनी मिळून खाली घेतला. खिट्टी मी घातली. मग आम्ही दोघी तिथंच खाली बसलो आणि पुष्कळ वेळ उठलो नाही. गिऱ्हाईक आलं होतं, ते परत गेलं.

आता चार वाजताही मशीन सावलीत असतं. पियुष शनिवारी आला, साड्यांचा ढीग पाहून चहा पिऊन गेला. पुलगावचं नाव काढलं नाही.

पण एक सांगायचं राहिलं. छत खाली घेतल्यापासून मी दाराकडे कान देऊन असते. मी जाते-येते, माझ्या डोक्यावर दीड वीत जागा उरते. वर्षालीच्या डोक्यावर वीत. रोशनीचं तर नावच नको. पियुष साडेपाच फुटांचा, तोही सरळ निघून गेला. हळदीची डबी दाराशी होती तिथंच आहे, गेल्या दीड वर्षात उघडली नाही. एवढं ठेंगणं छत, पण या घरात आता कोणाचंच डोकं लागत नाही.

तू एकदा ये. तुझं लागेल.

तुझी ताई,
अन्नपूर्णा